चाळीस मिनिटं उभ्याने

सोमवार, १० नोव्हेंबर २०२५. सकाळी ७
आजपासून रोजनिशी. डॉक्टरांनी सांगितली म्हणून नव्हे. डॉक्टरांनी सांगितला तो तक्ता: दिवसातून किती वेळा जाणं झालं, रक्त दिसलं का, पोट दुखलं का. चौतीस वर्षं मराठी शिकवलेल्या माणसाने संडासाचा तक्ता भरायचा!

भरीन, पण माझ्या भाषेत. आशा माझं सगळं वाचते, उशीखालचंसुद्धा. म्हणून संकेत ठरवला. एकदा जाणं म्हणजे एक कडवं. रक्त म्हणजे तांबडी शाई.

आज: तीन कडवी. तांबडी शाई नाही.

आजाराचं नाव अल्सरेटिव्ह कोलायटिस. मोठ्या आतड्याला आतून सूज, जखमा. ऑगस्टात अकोल्याच्या पोटाच्या डॉक्टरांनी दुर्बीण घातली आणि टीव्हीवर मलाही दाखवलं. 'स्वतःच्या अंतरंगात डोकावा' असं मुलांना जन्मभर सांगत आलो. डोकावलो. काही बघण्यासारखं नाही.

औषध: सकाळी दोन गोळ्या, मेसालामाइन. झोपताना त्याच औषधाची एक बाटली. ती तोंडाने घ्यायची नसते. याविषयी यापुढे लिहिणार नाही.

डॉक्टर म्हणाले, सर, ही सुजेवरची गोळी आहे, बरं वाटलं तरी सोडायची नाही. किती दिवस, विचारलं. म्हणाले, दिवस मोजूच नका. माणूस चांगला आहे, पण नेमकं उत्तर देत नाही. माझ्या वर्गात असता तर दहापैकी चार.

बुधवार, १२ नोव्हेंबर
तीन कडवी.
काल दुपारी धर्मपालचा फोन. अकोल्याच्या आमच्या शाळेचा विद्यार्थी, एक्क्याण्णवची दहावी. आता तिकडेच तहसील कचेरीत साहेब आहे. म्हणाला, सर, आमची बॅच जमून राहिली, अकरा जानेवारी, रविवार, शाळेतच. बाकीच्या सरांचे सत्कार हायेत. तुमचा सत्कार नाई ठेवला.

माझं तोंड उतरलं.

मग म्हणाला, तुमचा तास पायजे सर. कवितेचा. आठवीचीच खोली, तेच बाक. पूर्ण चाळीस मिनिटं.

फोन ठेवून चष्मा पुसला. आशा स्वयंपाकघरातून म्हणाली, काहून, कोन गेलं?

संकल्प: तास उभ्याने घेणार. मी कविता कधी बसून शिकवली नाही. बसून गणित शिकवतात. चाळीस मिनिटं, फळा ते शेवटचा बाक, येरझारा. अडचण एकच. तिन्ही कडवी सकाळीच येतात, आणि तेव्हा संडासापासून लांब राहण्याचा सध्याचा माझा उच्चांक पंचवीस मिनिटं. दोन महिने हातात आहेत. यापेक्षा कमी वेळात मी दहावी ड तयार केलेली आहे.

शुक्रवार, १४ नोव्हेंबर
दोन कडवी.
कविता निवडली. नदीवरची, तेव्हाच्या आठवीच्या पुस्तकातली. पाठ आहेच. चालही आहे. शेजारच्या प्रणालीचं आजचं पुस्तक मागवून पाहिलं. प्रत्येक कवितेखाली 'आकृतिबंध पूर्ण करा'. चौकोन, बाण, रिकाम्या जागा. कविता आहे की नळयोजनेचा नकाशा? प्रणालीला विचारलं, चालीवर म्हणून दाखव बरं. ती म्हणाली, आजोबा, चाल परीक्षेत येत नाही.

गोळी घेताना लक्षात आलं. मे, सा, ला: तिन्ही गुरू. म-गण! पुढे 'माइन' येऊन सगळं कोसळतं. औषधाला नाव ठेवताना कंपन्यांनी एखादा मराठीचा मास्तर पगारावर ठेवायला हरकत नाही.

गुरुवार, २० नोव्हेंबर
दोन कडवी. बांधीव, छंदोबद्ध. पोट शांत.
ती बाटली तीन दिवसांपासून बेसिनमध्ये ओततो. रिकामी बाटली आशाला दिसेल अशी ठेवतो. तिचं समाधान, माझी अब्रू. कोणाचंच नुकसान नाही.

बुधवार, २६ नोव्हेंबर
एक कडवं. एकच! अभंगाला लाजवील असं.
इथे अमरावतीत घराजवळच्या बागेतल्या बाकावर रोज सकाळी आम्ही सात-आठ म्हातारे बसतो. पूर्वी अशा बैठकीत पानाचा डबा फिरायचा. आता गोळ्यांचा फिरतो. ही घेऊन पाहा, मले लागू पडली, असं म्हणत जो तो आपली स्ट्रिप पुढे करतो. नकार देणं म्हणजे अपमान. नत्थुजी त्यातले ज्येष्ठ, एसटीचे निवृत्त कंट्रोलर. त्यांनी विचारलं, गुरुजी, तुमचा कोर्स कितीचा? म्हटलं, डॉक्टर सांगत नाहीत. ते म्हणाले, असं कसं? आमच्या व्याह्याची टीबी सहा मयन्यात गेली, तुमचं त पोट हाय नुसतं. गाडीले डेपो असतेच ना कुठं तरी!

विचार करण्यासारखं बोलले. ऑगस्ट, सप्टेंबर, ऑक्टोबर, नोव्हेंबर. चार महिने. माझा पोर्शन चौतीस वर्षांत कधी डिसेंबरच्या पुढे गेला नाही. मग आतड्याचा का जावा?

निर्णय: उद्यापासून एक गोळी. एक डिसेंबरपासून शून्य. डॉक्टर म्हणाले होते सोडायची नाही. मी सोडत नाहीये. पूर्ण करतो आहे.

सोमवार, १ डिसेंबर
एक कडवं. गोळी शून्य.
आशाच्या देखत पेला उचलला, मान मागे टाकली, घोट घेतला, 'हं' म्हटलं. शाळेच्या गॅदरिंगमध्ये मी याहून वाईट अभिनयाला बक्षिसं दिलेली आहेत.

शुक्रवार, ५ डिसेंबर
पोट उत्तम. पण पहिली तालीम फसली. फ्रिज हा वर्ग धरला, जेवणाच्या टेबलापासून फ्रिजपर्यंत येरझारा. बाराव्या मिनिटाला उजवा गुडघा टेकला. आशा म्हणाली, बसून शिकवा ना, कोनी फासावर नाई चढवत. तिला कवितेतलं काही कळत नाही. बावन्न वर्षं सांगतो आहे.

रविवार, ७ डिसेंबर
नत्थुजींना गुडघा दाखवला. त्यांनी खिशातून स्ट्रिप काढली. डायक्लोफेनॅक. म्हणाले, सुजेवर एक नंबर. सकायी एक, संध्याकायी एक, मंग पाहा, गाडी ब्रेकच नाई मागत. फुकट घेणं बरं नाही, म्हणून मी माझ्या मेसालामाइनच्या उरलेल्या स्ट्रिपा त्यांना दिल्या. त्यांचंही पोट साफ नसतं.

सोमवार, ८ डिसेंबर
घरी येऊन शांतपणे विचार केला. डॉक्टर म्हणाले, मेसालामाइन सुजेवर. नत्थुजी म्हणाले, ही सुजेवर. आतड्याची सूज काय आणि गुडघ्याची काय, सूज ती सूज. रक्त एकच, ते सगळीकडे फिरतं. म्हणजे ही एकच गोळी दोन्ही खाती सांभाळते. डॉक्टरांना हे का सुचलं नाही? कारण ते पोटाचे. गुडघा त्यांच्या विषयात येत नाही. आमच्या शाळेतही हेच. मराठीच्या पेपरातली भूगोलाची चूक कोणी दुरुस्त करत नसे.

आता आशाच्या देखत खरंच गोळी घेतो. मन स्वच्छ आहे.

शुक्रवार, १२ डिसेंबर
एक कडवं. गुडघा विसरलो.
तालीम: बेचाळीस मिनिटं! उभ्याने, चालीसकट, स्पष्टीकरणासह. शेवटच्या ओळीला फ्रिजची मोटर थांबली. अशी शांतता शेवटची कधी ऐकली होती? वाटलं, खिडकीबाहेर चिंच आहे, फळ्यावर उन्हाची तिरीप आहे, आणि साठ चेहरे माझ्याकडे वळलेले आहेत.
आशा म्हणाली, झालं असन त सरका, दूध ठेवाचं हाय.

रविवार, १४ डिसेंबर
भातकुलीला नत्थुजींच्या पुतण्याच्या शेतात हुरडा. जवसाची चटणी, दही, गूळ. वावरात बसून दोन कविता म्हटल्या. पुतण्या म्हणाला, काका, रेकॉर्डिंग करू का? म्हटलं, कर. नंतर कळलं, तो फोनवर सोयाबीनचे भाव पाहत होता.

मंगळवार, १६ डिसेंबर
चार कडवी. हुरडा. कोवळा नव्हता, निबर होता.

शुक्रवार, १९ डिसेंबर
सहा कडवी. पोटात पीळ. आशाने काल वांगं केलं होतं. तिला बोललो. ती म्हणाली, वांगं मीबी खाल्लं. म्हटलं, तुझं पोट गद्य आहे.

रविवार, २१ डिसेंबर
सात कडवी. तांबडी शाई.
घाबरण्यासारखं नाही. बीट खाल्लं असणार. आशाला सहज विचारलं, परवा कोशिंबिरीत बीट होतं ना? ती म्हणाली, बीट दिवायीपासून घरात आलं नाई. काहून?
म्हटलं, सहज.
गाजर असेल. गाजरही तांबडंच असतं.

बुधवार, २४ डिसेंबर
नऊ. शाई आहे. कविता सुचत नाही.
आशाने पकडलं. मला नव्हे, टाकीला. वरची टाकी आम्हा दोघांना दीड दिवस पुरते. दोन दिवसांपासून ती रोज दोनदा मोटर लावते आहे. मी संडासातून बाहेर आलो तर ती दारातच उभी. म्हणाली, टाकी फोडली का तुमी?
मी म्हटलं, थंडीने होतं.
तिने लगेच अकोल्याला रागिणीला फोन लावला आणि माझ्या हातात दिला. मुलगी बँकेत अधिकारी आहे, खातेदाराशी बोलावं तसं बोलते. बाबा, गोळी घेऊन राहिले ना? घेतो. रोज? रोज. दोन? दोन.
खोटं काहीच बोललो नाही. सकाळी एक, संध्याकाळी एक. दोनच होतात.
तिला यायचं होतं, मला डॉक्टरांकडे न्यायला. म्हटलं, अकरा तारखेनंतर कुठेही ने. आत्ता नेलंस तर ते मला झोपवतील. झोपून तास घेता येत नाही.

शुक्रवार, २६ डिसेंबर
खबरदारी म्हणून जुन्या गोळ्याही सुरू करायचं ठरवलं. नत्थुजींना म्हटलं, माझ्या त्या जरा परत द्या. म्हणाले, चार उरल्या गुरुजी. बाकी बाकावर वाटल्या. त्यानं काईच झालं नाई कोनाले!
चारही एकदम घेतल्या. बॅकलॉग.
गुडघ्याची चालूच ठेवली, एक स्ट्रिप संपली की नत्थुजी दुसरी देतात. जे उत्तम चाललं आहे त्याला हात लावू नये.

गुरुवार, १ जानेवारी २०२६
नववर्षाचे संकल्प:
चिडायचं नाही.
तिखट नाही.
तास होईपर्यंत आजाराचा विचार नाही.
पहिला संकल्प सकाळी साडेसात वाजता मोडला. प्रणाली संडासाबाहेर उभी राहून 'हॅपी न्यू इयर आजोबा' ओरडत होती.

मंगळवार, ६ जानेवारी
मोजणं बंद केलं. मोजण्याने आकडा वाढतो.
नवी योजना: दहा तारखेला काही खायचं नाही. पोट रिकामं असलं की जायला काही उरणारच नाही. साधं गणित. गणितवाल्यांना उगीच नावं ठेवली.
तालीम: अठरा मिनिटं. त्यातली सहा आतून, दार बंद करून. आवाज आत छान घुमतो.

शुक्रवार, ९ जानेवारी
आशासह बडनेऱ्याहून गाडीने अकोल्याला. आरक्षण करताना रागिणीला सांगितलं होतं, खिडकी नको, दाराजवळचं बाक दे. मूर्तिजापूर गेल्याचं मला दिसलं नाही. मी आत होतो. पूर्वी याच गाडीतून बदलीच्या गावी जाताना मूर्तिजापूरच्या फलाटावर मी पहिली कविता लिहिली होती. आता बाहेर उभा असलेला माणूस दार वाजवत म्हणत होता, काका, झोपले का?
रागिणीने स्टेशनवर मला पाहिलं, मग आशाकडे पाहिलं. दोघींची ही नजर मला आवडत नाही. वजन किती उतरलं, एवढंच तिने विचारलं. म्हटलं, वृत्तात बसण्यासाठी काही अक्षरं कमी करावी लागतात.
जावई कुलदीपने डॉक्टरांची सोमवारची वेळ घेऊन ठेवली आहे. विचारलं नाही.

रविवार, ११ जानेवारी. सकाळी ६
स्नान. नवा पांढरा सदरा. कालपासून पाणी सोडून काही नाही. गुडघ्याच्या दोन गोळ्या एकदमच घेतल्या, चाळीस मिनिटांचा प्रश्न आहे. पोटात अजिबात काही नाही याची खात्री आहे. आज कोणी आडवं येऊ शकत नाही.

रविवार, ११ जानेवारी. दुपारी ४. रागिणीकडे, आडवा
क्रमाने लिहितो.

साडेदहाला शाळेत पोचलो. धर्मपाल फाटकाशी उभा. पाया पडला. केस पांढरे झालेत त्याचे. म्हणाला, सर, आधी पोरापोरींच्या आठवणी, मंग तुमचा तास. माइक लावून सूत्रसंचालन करत होती संध्या, ती त्याच वर्गातली. तिने माझं नाव घेतलं तेव्हा टाळ्या झाल्या. खूप झाल्या. ते एवढं लिहून ठेवतो.

खुर्चीत बसून दहा मिनिटं झाली असतील. उठावं लागलं. रिकाम्या पोटाचं गणित चुकलं. शाळेचा संडास मैदानाच्या कडेला आहे, तिथवर पोचलो. जवळजवळ पोचलो. पूर्ण लिहीत नाही.

आत बसलो. भिंतीला वरती जाळी आहे. मंडपातला भोंगा नेमका तिथेच बांधलेला. सगळं स्पष्ट ऐकू येत होतं.

एका बाईचा आवाज. म्हणाली, गावंडे सरांच्या तासाची आठवण सांगते. सगळे हसले, आपुलकीने. मीही आत बसून सदरा नीट केला. ती म्हणाली, सरांचा नियम होता, कविता चालू असताना कोणी उठायचं नाही, लय तुटते. मी सातवीत होती. करंगळी दाखवली. सरांनी कविता न थांबवता हातानं बस म्हटलं. परत दाखवली. परत बस. तिसऱ्यांदा मी उभीच राहिली, त सर चालीतच म्हणाले, 'बस गं बाई खाली'. अख्खा वर्ग हसला. मग बसली मी. बाकावरच झालं. शेवटच्या घंटीपर्यंत बसून होती तशीच. मैत्रिणीनं स्वेटर दिलं कमरेला बांधायले. उन्हाळ्यात, एप्रिलमध्ये, स्वेटर. आठ दिवस शाळेत गेली नाही. आई विचारे, काहून जात नाईस, त मी म्हणो, कविता आवडत नाई.

मग तीच हसून म्हणाली, सर, आज जाऊ का उठून? आणि सगळे हसले. टाळ्याही झाल्या. मघाच्या टाळ्यांपेक्षा जास्त.

संध्याने माइक घेतला. म्हणाली, आणि आता आपण ज्याची वाट पाहत होतो तो तास. गावंडे सर. सर? सरांनी कृपया पुढे यावं.
तीनदा हाक मारली. भोंग्यातून.

थोड्या वेळाने धर्मपाल दाराशी. सर, हाव का आत? म्हटलं, दोन मिनिटं. तो म्हणाला, टाइम घ्या सर. परत आला. म्हटलं, दोन मिनिटं. नळाला पाणी नव्हतं. तसं सांगावं लागलं. तहसील कचेरीतला साहेब, त्याने हापशावरून बादली भरून आणली, दारात ठेवली आणि तोंड फिरवून उभा राहिला. मग कुठून तरी एक पायजामा आणला. शिपायाचा असेल. आखूड होता.

बाहेर आलो तेव्हा पंगत बसली होती. कुलदीपने गाडी मागच्या फाटकाने आणली.

संध्याकाळी ६
नियमामागे कारण होतं, ते नोंदवून ठेवतो. साठ मुलांतली दहा उगाच करंगळी दाखवायची. बाहेर जाऊन चिंचा पाडायची. एकाला सोडलं की रांग लागायची. कविता एकदा तुटली की पुन्हा जोडता येत नाही. शिवाय ती मुलगी आता मोठी, सुखवस्तू दिसते. आवाजावरून. तिने तो प्रसंग विनोदाने सांगितला. मंडप हसला. म्हणजे विनोदच.

कोण होती? आवाज ओळखीचा. संध्याच असणार. माइक तिच्याचकडे होता.

बुधवार, १४ जानेवारी. इस्पितळ
सोमवारी दाखल केलं. हाताला सलाईन, त्यातून स्टिरॉइड. डॉक्टरांनी विचारलं, सर, दरम्यान पेनकिलर घेतली का? म्हटलं, नाही, सुजेवरची घेतली. आशाने पिशवी उघडली. माझ्या सदऱ्यांच्या खिशांतून गोळा केलेल्या रिकाम्या स्ट्रिपा एकेक करून टेबलावर मांडल्या. सहा. तिला कधीपासून माहीत होतं, ते मी विचारलं नाही, तिने सांगितलं नाही.

डॉक्टर म्हणाले, ही गोळी या आजारात आग भडकवू शकते. आणि जी चालू ठेवायची होती ती? मी पोर्शनचं समजावून सांगायला लागलो. ते रागावले नाहीत. ऐकून घेतलं, आणि मग आशाकडे वळून बोलायला लागले. स्टिरॉइड हळूहळू कमी करत बंद करू, मेसालामाइन कायम राहील, बाटली रोज झोपताना. सगळं तिला. मी मध्ये एकदा 'हो' म्हटलं. कोणी पाहिलं नाही.

बाटलीही सुरू झाली. नर्सबाई देतात. पार्बताबाई नाव. म्हणतात, आजोबा, कुशीवर व्हा, लाजू नका, इथं सगळे सारखेच. मी भिंतीकडे तोंड करतो.

सोमवार, १९ जानेवारी. रागिणीकडे
घरी सोडलं. अमरावतीला सध्या जाऊ देणार नाहीत.
काल धर्मपालचा फोन. सर, तुमी टेन्शन घेऊ नका, कार्यक्रम मस्त झाला. म्हटलं, माझ्या तासाच्या वेळेत काय केलं? म्हणाला, अंताक्षरी खेळलो सर.

संध्याला पत्र लिहायचं ठरवलं. माफीचं. लिहिलं. चार पानं झाली. लयीचं महत्त्व, वर्गशिस्त, त्या काळची परिस्थिती, चिंचा. आशाला वाचायला दिलं. तिने चष्मा लावून चारही पानं उलटून पाहिली. म्हणाली, चांगलं हाय. माफी कोनत्या पानावर हाय?

दुसरं लिहिलं, दोन पानं. तिसरं लिहिताना हात दुखला.

शेवटी रागिणीला व्हॉट्सअ‍ॅपवर टाइप करायला सांगितलं. 'संध्या, तुझी आठवण मी ऐकली. माझं चुकलं. गावंडे सर.' ती म्हणाली, एवढंच? म्हटलं, पाठव, नाहीतर मी पुढे लिहीन.

मंगळवार, २० जानेवारी
उत्तर नाही. दोन निळ्या खुणा आहेत.
गोळी आशा देते. देते, मग तोंड उघडायला सांगते, जीभ वर करायला सांगते. मी करतो.

बुधवार, २१ जानेवारी. दुपार
संध्याचं उत्तर आलं. रागिणीने वाचून दाखवलं, मग मी स्वतः वाचलं.

'सर, ती मी नव्हती. ती शालू होती, खिडकीकडच्या रांगेतली. माझ्यावर पण एकदा तशी वेळ आली होती आठवीत, पण मी कोणाला सांगितलं नाही. तुम्ही पहिलेच. शालूला कळवू का तुमचं? तब्येतीला जपा. गोळ्या वेळेवर घ्या.'

कळव, असं टाइप करायला सांगितलं. मग थांबवलं. शालूला काय कळवायचं, ते आधी ठरवायला हवं.

तेव्हापासून आठवून पाहतो आहे. खिडकीकडची रांग. उन्हाची तिरीप आठवते. त्या दिवशीची कविता आठवते, पहिल्या ओळीपासून शेवटच्या ओळीपर्यंत. शालू कोण, ते आठवत नाही.

आशा म्हणाली, संध्यालेच विचारा ना, कशी होती दिसाले.

विचारता येईल. ती म्हणेल, माझ्या शेजारीच बसायची, सर. पण मग तिला कळेल, की मला शाळेतली संध्या पण आठवत नाही.